रुमालाखालची मूठ

ईट, ता. भूम
वैशाख शुद्ध द्वितीया

प्रिय बलभीम,

अक्षर बघून तुला वाटलं असंल, कुण्या पहिलीतल्या पोरानं लिहिलंय. पोरानं न्हाय गड्या, म्या लिहिलंय, लिंबाजीनं, आणि तेही डाव्या हातानं. एकोणीस दिवस लागले. तीन ओळी झाल्या की घाम फुटायचा, पेन्सिल निसटायची आणि विठाबाई म्हणायची, पुरे आता, पोथी लिहायचीय का काय? सातवीपर्यंत गुरुजींनी पत्राचा मायना घोकून घेतला होता म्हणून वर 'प्रिय' घातलंय. ते घालताना दातओठ खाल्ले, पण मायना तो मायना. होईल तेवढं शुद्ध लिहितो. राग आला की आपली बोली येईल, ती गोड मानून घे.

पहिली बातमी ही, की मला सगळं कळत होतं. मार्गशीर्षापासून मी ओसरीत खाटेवर पडून आहे. तू दर दोन-तीन दिवसांनी येतोस, खुर्ची ओढून बसतोस, विठाबाईच्या हातचा चहा पितोस आणि माझ्याकडं बघून म्हणतोस, "गड्याला आता काय कळतंय वहिनी, नुसतं जित्राब झालंय." बलभीम, जित्राबालाबी कळतं. चाळीस वर्षं बैलांच्या बाजारात काढून तुला एवढं ठाऊक नसावं? दावणीचा बैल कोण मारणारा आणि कोण चारा घालणारा हे पावलांच्या आवाजावरून ओळखतो. मीही ओळखत होतो. तुझ्या चपलेचा आवाज दारात आला की माझ्या छातीत कढ यायचा, आणि तोंडावर मात्र काहीच उमटायचं नाही.

तुला आठवतं का, आपण दोघं धोंडीबा दलालाच्या हाताखाली लागलो तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसतो, आजूबाजूला दहा कान असतात, हे त्यांनी शिकवलं. एकानं रुमाल टाकायचा, दोघांनी त्याखाली हात घालायचा, बोटं धरून आकडा सांगायचा, आणि पटलं की समोरच्याचा अख्खा पंजा मुठीत दाबायचा. मूठ दाबली की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. तोंड खोटं बोलतं, डोळा खोटं बोलतो, रुमालाखालचा हात खोटं बोलत नाही, असं म्हातारा म्हणायचा. पुढं सोनारीला नेलं आपल्याला. भैरवनाथापुढं दोघांच्या खांद्यावर एकेक कोरा रुमाल टाकला. तेवढ्यात माकडानं तुझ्या हातातला नारळ पळवला आणि म्हातारा खोखो हसला, अरे, हातातलं धरायला तरी शीक आधी! मग एकदम हसू थांबवून म्हणाला, तुमच्यातला जो हातानं खोटं बोलंल त्याच्या खांद्यावरचा रुमाल दुसऱ्यानं उतरवायचा, आणि उतरलेला रुमाल परत चढत नसतो. आपण दोघांनी कपाळाला अंगारा लावून व्हय म्हणलं. तुला हे आठवत असंल नसंल, म्हणून लिहून ठेवतो.

आता मार्गशीर्षातला तो रविवार. देवणी बैलांची जोड होती, अंगानं भरलेली, चार दाती, ऐन वयातली. उमरग्याकडचा विरेश घ्यायला आला होता. मी रुमालाखाली हात घातला, त्यानं बोटं धरली, मी वाढवून मागत होतो. आणि एकाएकी माझी मूठ मिटली. मी नाही मिटली, तीच मिटली. विरेशचा पंजा तिनं असा धरला की तो बिचारा हसून म्हणाला, झालं का मामा, पटलं? मला सांगायचं होतं, अजून नाही. तोंड उघडेना, आणि उजवा पाय गव्हाच्या पोत्यासारखा खाली बसला. तू पळत आलास, रुमाल ओढलास, माझं एकेक बोट उचकटून विरेशला सोडवलंस आणि मला जीपमध्ये घालून धाराशिवला नेलंस. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. हे उपकार मी विसरलो नाही. विसरलो नाही म्हणूनच राग दुप्पट आहे. विरेशचा हात सोडवताना तू त्याला एक वाक्य बोललास. ते मी ध्यानात ठेवलंय, पुढं सांगतो.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. पुढच्या भागात गुठळी निघाली. लोकांना वाटतं लकवा म्हणजे अंग लुळं पडतं, झालं. माझं अंग एवढं लुळं नव्हतं रे, माझा कारभारच उलटा झाला होता. विठाबाईनं हातात कंगवा दिला आणि म्हणाली, केस विंचरा. मला ठाऊक होतं कंगवा काय, केस कुठं. हातानं तो नेला आणि दातांवर घासला. ती आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. डॉक्टर म्हणाले जीभ बाहेर काढा, तर जीभ जागची हलेना, आणि औषधाचा गोड थेंब ओठावर सांडला तर तीच जीभ झटक्यात बाहेर येऊन चाटून गेली. नमस्कार करा म्हणलं तर हात कुठं न्यायचे सुचेना, आणि पुजारी प्रसाद घेऊन आले तर आपोआप जोडले गेले. पाहुणे म्हणायचे, सोंग करतोय का काय म्हातारा? सोंग करणाराला निदान करायचं का नाही हे तरी ठरवता येतं.

आणि उजवा हात, त्याची तर तऱ्हाच न्यारी. त्याला जे लागंल ते तो धरायचा. चादर, खाटेचा दांडा, विठाबाईचा पदर, नर्सबाईच्या गळ्यातलं ओळखपत्र. धरलं की सोडायचा नाही. विठाबाईला वाटायचं, मी भेदरून धरतोय. मी मनात ओरडायचो, सोड की रे मुडद्या! तो ऐकायचाच नाही. हे तू दवाखान्यात तीन दिवस उशाशी बसून पाहिलंस. तुझंच मनगट त्यानं दोनदा धरलं होतं, आणि दोन्ही वेळा तू बोटं उचकटून काढलंस.

आता दिवाळीतली गोष्ट काढतो, कारण मूळ तिथं आहे. पाडव्याला तू फराळाला आलास आणि तुझ्या रणधीरसाठी आमच्या सोनालीला मागितलंस. मी तोंडावर नाही म्हणालो. का, तेही सांगितलं. श्रावणातल्या बाजारात तुझ्या पोरानं एका खोंडाला डोळ्यावर काठी मारली होती. खोंड बिचारं नवीन, गाडीत चढायला भ्यालं होतं एवढाच त्याचा गुन्हा. पाठीवर मारलं असतं तर मी एक वेळ गप बसलो असतो. जो मुक्या जनावराच्या डोळ्यावर मारतो त्याच्या घरात मी लेक देत नाही, असं म्हणालो. तू लाडू खाली ठेवलास, पाणी प्यायलास आणि म्हणालास, बरं, राहिलं. मला वाटलं दोस्त समजला, म्हणून घरातही मी ती गोष्ट काढली नाही. तू समजला नव्हतास, तू दिवस मोजत होतास.

माघातला तो रविवार. घरी येऊन मला महिना-दीड महिना झाला होता. तू गावातली पाच कारभारी माणसं घेऊन आलास. ओसरीत सतरंजी पडली, विठाबाई चुलीपाशी. तू सगळ्यांना सांगितलंस, लिंबाजीनं दिवाळीत शब्द दिला होता, पण आता बिचाऱ्याची जबान गेली, तवा त्याच्या हातालाच विचारू. रुमालाखालचा हात काय खोटं बोलत नसतो. धोंडीबाचं वाक्य, बलभीम! त्या म्हाताऱ्याचं वाक्य तू माझ्या गळ्यावर ठेवलंस. आणि पाचही जणांनी माना डोलावल्या, कारण ती सगळी बाजारातली माणसं. तोंडावर विश्वास न ठेवता हातावर ठेवायची सवय त्यांना तुझ्या-माझ्यासारख्यांनीच लावलेली. तू खांद्यावरचा रुमाल काढलास, माझ्या उजव्या हातावर टाकलास, खाली आपला पंजा सरकवलास आणि मोठ्यानं म्हणालास, "लिंबाजी, सोनाली रणधीरला दिली ना?"

मूठ मिटली. मिटणारच होती. तू तिथं शेणाची गोवरी ठेवली असतीस तरी मिटली असती. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, तसा माझा हात तुलाच धार्जिणा निघाला. मी मान हलवायला गेलो, न्हाय न्हाय म्हणायला, तर मान दगडाची. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तू रुमाल वर करून सगळ्यांना माझी मूठ दाखवलीस आणि म्हणालास, बघा, आनंदानं रडाया लागला माझा दोस्त. सुपारी फुटली. गूळ वाटला. गुळाचा खडा तू माझ्या तोंडात घातलास आणि तो मी चघळला, कारण तोंडात आलेलं चघळणं मला जमत होतं. त्या गुळाची चव अजून जिभेवर आहे.

तुम्ही सगळे गेलात आणि एक माशी माझ्या नाकावर बसली. बलभीम, माझी मान हलली! डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, अगदी शाळेतल्या हट्टी पोरासारखी. पाच मिनिटांआधी मी जी मान मागत होतो ती माशीला मिळाली. मी लई रडलो त्या दिवशी. विठाबाईला वाटलं लेक सासरी जाणार म्हणून रडतोय, आणि तीही शेजारी बसून रडली.

सोनाली बार्शीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत आली, आईनं सांगितलं. पोरीचा चेहरा पडला, तो मी खाटेवरून पाहिला. रणधीरला ती लहानपणापासून ओळखते, त्याची काठी तिनंही पाहिलीय. पण ती एवढंच म्हणाली, आबांनी हात दिलाय ना, मग झालं. माझ्या हाताचा मान राखायला माझी लेक विहिरीत उडी मारायला तयार झाली, आणि मी तिथं चार हातांवर लोळागोळा. ह्याहून वाईट दिवस माणसाला दाखवायचा असंल तर देवाला फार डोकं लढवावं लागंल.

उघड झालं ते येडशीला. फाल्गुनात विठाबाई मला एसटीनं धाराशिवला दाखवायला नेत होती. येडशीच्या स्टँडवर गाडी थांबली, तिनं मला लघवीला उतरवायचं ठरवलं, आणि दारातला लोखंडी दांडा माझ्या हाताला लागला. झालं. धरला तो धरला. मागं माणसं खोळंबली, कंडक्टर हात जोडून म्हणतोय, सोडा की मामा, गाडीला उशीर होतोय. एक बाई म्हणाली, म्हाताऱ्याला गाडी लई आवडलेली दिसती! सगळे हसले. विठाबाई हसली नाही. ती माझ्या मुठीकडं बघत राहिली, मग माझ्या डोळ्यांकडं. एकेक बोट सोडवताना तिनं हळूच विचारलं, "अवो, मग त्या दिवशी... त्या दिवशीबी असंच झालं व्हतं का?" माझे डोळे भरले. तिला उत्तर मिळालं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला एवढं नीट कधीच वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तुझ्या दारात आली होती. काय म्हणालास तू तिला? "वहिनी, पाच जणांनी मूठ बघितली. आता मोडाल तर लिंबाजीचा हात खोटा ठरंल, आणि पोरीचं नाव होईल ते वेगळंच. बायामाणसांनी बाजारातल्या गोष्टीत पडू नये." माझी बायको घरी येऊन जात्यापाशी बसून राहिली. दिवेलागण झाली तरी उठली नाही. बलभीम, मला फसवलंस, ते एक वेळ मी गिळलं असतं. तिला तू दारातनं परत पाठवलंस आणि वर तिलाच शहाणपण शिकवलंस. त्या दिवशी मी मनात ठरवलं, तुझा सूड घ्यायचा. देवाधर्माचं मी काही म्हणालो नाही. सरळ सूड.

पण सूड घ्यायलाही डोक्यात आधी बेत लागतो, आणि माझं तर तेच मोडलेलं. हे मला देवश्रीनं समजावलं. देवश्री म्हणजे तुळजापूरच्या एका मास्तरांची लेक. धाराशिवच्या दवाखान्यात लकव्याच्या माणसांना पुन्हा बोलायला, हात चालवायला शिकवती. सव्वीस-सत्तावीसची असंल, पण धीर म्हातारीचा. ती म्हणाली, आबा, तुमचा हात शाबूत आहे, जीभही शाबूत आहे. हात हलायच्या आधी मेंदूत ठरतं की कशासाठी हलायचं, आधी काय, मागून काय. ते ठरवणारी जागा दुखावलीय. सवयीचं काम खालच्या वाटेनं होऊन जातं, ठरवून करायचं अडतं. माशी उडवायला मान हलवणं वेगळं आणि कुणाला तरी 'नाही' सांगायला हलवणं वेगळं, मान एकच असली तरी. मी म्हणलं मनात, पोरी, हे तर गाडी जुंपण्यासारखं आहे. बैल दांडगे आहेत, जू आहे, गाडी आहे, पण आधी कुणाला जुवाखाली घ्यायचं हे सांगणारा गाडीवानच झोपलाय.

मग मुठीचं विचारलं विठाबाईनं. देवश्री म्हणाली, तान्ह्या बाळाच्या तळव्याला बोट लावा, ते धरतं. पुढं मेंदू मोठा होतो आणि त्या धरण्याला दाव्यानं बांधून ठेवतो. तुमच्या मालकांचं ते दावं तुटलंय. हात धरतो, मालक धरत नाहीत. विठाबाईनं तिथंच दवाखान्यात तिला सगळी कथा सांगितली. पोरगी ऐकून लाल झाली. म्हणाली, मावशी, असल्या मुठीला कुणी होकार म्हणत असंल तर माझ्याकडं येणारी निम्मी माणसं सगळ्या जगाला हो म्हणतायत.

तिनं मला काम दिलं. मनापासून करावंसं वाटंल असं एक काम ठरवा आबा, त्याच्या पायऱ्या पाडा, रोज एक पायरी. चहा करायचा का? मी डोळे मिचकावले. ती खूश झाली. मला कशाला चहा करायचाय? माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. पहिली पायरी, डाव्या हातात पेन्सिल धरणं. दुसरी, ती कागदाला टेकवणं, तोंडाला नाही. तिसरी, एक अक्षर. चौथी सगळ्यांत अवघड, उजव्या हाताला सोडायला शिकवणं. देवश्री हातात लिंबू द्यायची आणि म्हणायची, बघा त्याच्याकडं, मनात म्हणा, सोड. शंभर वेळा म्हणलं तर एकदा सुटायचं. मी मनात सोड नव्हतो म्हणत. मी तुझं नाव घ्यायचो. आणि खरं सांगू, तुझ्या नावानं लिंबू लवकर सुटायला लागलं. पोरगी म्हणायची, आबांची प्रगती बघून मी थक्क होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे तिला कोण सांगणार.

पहिला शब्द मी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी लिहिला. दोन अक्षरं. 'नको'. सोनाली घरी होती. तिनं वही हातात घेतली, आईकडं बघितलं, आणि विठाबाईनं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं पोरगी गळ्यात पडंल. कसली पडती! ती उठली, म्हणाली, आत्ता जाते आणि तोंडावर सांगून येते त्या बलभीम काकाला. मी डाव्या हातानं तिची ओढणी धरली. धरली, बरं का, ह्या खेपेला मीच धरली. आणि वहीवर लिहिलं, 'थांब. मी.' एवढं लिहायला पाव तास लागला, तोवर ती उभी राहिली. वाचलं आणि जी काय भडकली! आबा, तुमचा सूड मोठा का मी मोठी? त्या माणसाच्या नावाची सुपारी माझ्यावर अजून महिनाभर राहू द्यायची, तुम्हाला पाच जणांत जिरवायची म्हणून? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. चूक नव्हती तिची. मी तुझ्यावर एवढा पेटलो होतो की पोरीचा जीव त्या धुरात गुदमरतोय हे मला दिसलं नाही. हे मी तुला लिहितोय, कारण तुझ्यापुरता मी बरोबर असलो तरी तिच्यापुरता नव्हतो.

तिसऱ्या दिवशी तीच आली. खाटेवर बसली आणि म्हणाली, अक्षय्य तृतीयेला ते साखरपुड्याला येणार आहेत. तोवर थांबते. मी मोडलं तर लोक म्हणतील शिकलेली पोरगी माजली, बापाचा हात खोटा पाडला. तुम्ही मोडलं तर ज्याचं त्याच्या पदरात पडंल. पण एक ऐका आबा, त्या दिवशी तुमचा हात नाही बोलला तर मी बोलीन, आणि मग मला कुणी अडवायचं नाही. मी मान हलवली. व्हय म्हणायला. हलली! दोघी मायलेकी माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग आम्ही तिघंही येड्यासारखे हसलो.

आता ते वाक्य. विरेशचा हात माझ्या मुठीतून सोडवताना तू त्याला म्हणाला होतास, "विरेशअण्णा, ही मूठ धरू नका. ह्याचा हात बिघडलाय, ही मूठ ह्याची न्हाय. ह्या मुठीवर सौदा होत न्हाय." तू बोललास ते खरं बोललास. इमानाचं बोललास. त्या घटकेला तू माझा दोस्त होतास. मग माघात ती माझी कशी झाली रे? बैलांच्या जोडीसाठी जी मूठ चालत नव्हती ती माझ्या लेकीसाठी कशी चालली? ते वाक्य मी वहीत लिहून दिलं आणि सोनालीनं विरेशला फोन लावला. कानडी हेल काढत तो म्हणाला, व्हय ताई, बलभीम मामा असंच म्हणाले, मी जोड सोडून परत गेलो की. मी येतो सांगायला. उद्या तृतीयेला तो येतोय. तू हे वाचशील तेव्हा तुझ्या शेजारी बसला असंल बघ, पांढरी टोपी.

म्हणजे तुला माहीत होतं. तुला पहिल्या दिवसापासून, पहिल्या घटकेपासून माहीत होतं. गावात बाकी कुणाला माहीत नव्हतं, एकट्या तुला होतं, आणि तेच हत्यार घेऊन तू माझ्या ओसरीत आलास. मला वाटायचं, पडता पडता ते वाक्य मीच चुकीचं ऐकलं असंल, तू नादानीत केलंस. महिनाभर मी स्वतःला तशी समजूत घालत होतो. विरेशच्या फोननंतर ती समजूतही गेली.

उद्याचा बेत ऐक. माझ्या डोक्यात आता बेत राहतो, म्हणून सांगतो. तुम्ही याल, सतरंजीवर बसाल, तेच पाच जण. सोनाली चहा घेऊन येणार नाही. ती केरसुणी घेऊन येईल. माझ्या उजव्या तळव्याला लावंल, तो धरंल. मग तुझ्या रणधीरची दारातली चप्पल. तीही धरंल. मग गोवरी. आणि विठाबाई, जिला तू बाजारातल्या गोष्टीत पडू नये म्हणालास, ती पाच जणांना विचारंल, बोला, माझ्या मालकांनी लेक कुणाला दिली, केरसुणीला, चपलेला का गोवरीला? मग विरेश बोलंल. लोक आधी हसतील आणि मग तुझ्याकडं बघतील. ते बघणं मला बघायचंय. पाच महिने खाटेवर पडून मी त्याचीच वाट बघितली.

त्यानंतर हे पाकीट मी तुला देणार. उजव्या हातानं. देताना मूठ घट्ट असंल, तू ओढून बघशील, यायचं नाही. मग मी मनात एकदा म्हणीन, सोड. आणि ती सोडंल. म्हणजे हे तू वाचतोयस त्याचा अर्थ एवढाच, की माझी मूठ सुटली आणि सगळ्यांनी ती सुटलेली पाहिली. इतके दिवस घासून हे पत्र मी त्या एका सोडण्यासाठी लिहिलंय. ह्याची नक्कल सोनालीकडं आहे. तू घडी करून खिशात घातलंस तर ती उभी राहून पहिल्यापासून मोठ्यानं वाचंल. लग्न मोडलं आहे, ते तुला कुणी वेगळं सांगणार नाही. आता वर बघ. माझा उजवा हात तुझ्यापुढं उघडा आहे. सोनारीला ठरलं तसा तुझा रुमाल मी उतरवायचा, पण खाटेवरून माझा हात तुझ्या खांद्यापर्यंत पोचत न्हाय; तूच उतरव, बलभीम, आणि तुझ्या हातानं माझ्या तळव्यावर ठेव. हा हात काहीबी धरतो, तुला ठाऊकच आहे. पण ह्या खेपेला धरणारा मी आहे, आणि कुणी कितीबी सोड म्हणलं तरी मी सोडणार न्हाय.

रुमाल उतरेपर्यंत तुझाच,
लिंबाजी